महाराजांच्या हौदास चुना मिळणेबाबत

विषय : राजवाड्यातील पोवळ्यांच्या हौदास चुना मिळणेबाबत.

संदर्भ : कोंडाबाई पाणमांजर, हौदराखीण, यांचा आषाढ शुद्ध पंचमीचा अर्ज व त्यावरील स्मरणपत्रे क्रमांक एक ते सात.

मुलांनो, गोष्टीला आधी विषय आणि संदर्भ लावून घ्यावा. मग ती हरवली तरी कोणत्या फायलीत हरवली, एवढे तरी सांगता येते. आता नीट मांडी घालून बसा.

एका जंगलात, समुद्रापासून पुष्कळ लांब, गर्जेंद्र नावाचा सिंह राज्य करत होता. शेजारच्या राज्यातल्या वाघाने आपल्या गुहेत धबधबा बसवून घेतला. ते कळल्यापासून गर्जेंद्र महाराजांना शिकार गोड लागेना.

"त्याच्या घरात धबधबा," ते म्हणाले, "तर आमच्या घरात समुद्र."

महाराजांनी म्हटले की व्हायचेच. बैठकीच्या गुहेत काचेचा मोठा हौद बसला. माकडांनी रांग लावून खाडीचे खारे पाणी घड्यांतून आणले. हौदाची राखण कोंडाबाई पाणमांजरीकडे आली, कारण साऱ्या राजवाड्यात पोहता येणारी तीच एक होती. नेमणूक योग्य उमेदवाराची झाली, असे त्या राज्यात एवढ्या एकाच वेळी घडले. तेही बाकीचे पाण्याला भीत होते म्हणून.

समुद्रातली थोरली कासवीण चैत्रात खाडीच्या तोंडाशी आली. तिने महाराजांसाठी नजराणा आणला होता : टोपलीएवढा एक दगड. दगडावर जांभळ्या, हिरव्या, तपकिरी फांद्या.

"हा दगड नव्हे बरं का, पोरी," कासवीण कोंडाबाईला म्हणाली. "ही पोवळी आहेत. इवली इवली तोंडं, हजारांनी. एकमेकांना धरून राहतात आणि आपलं घर आपणच बांधतात."

"कशाचं बांधतात, आजी?"

"चुन्याचं. चुना ती पाण्यातून घेतात. समुद्र मोठा, तिथे तो कधी संपत नाही. तुझा हौद लहान. ती खात जातील आणि पाण्यातला चुना कमी होत जाईल. तो तू रोज घालायचास. थोडा थोडा. घर थांबलं की पोवळी थांबली, एवढं लक्षात ठेव."

मग कासविणीने पाणी तपासायचे औषध दिले. कुपीत हौदाचे पाणी घ्यायचे. त्यात गुलाबी पूड टाकायची. मग औषधाचे थेंब सोडत जायचे. गुलाबी पाणी निळे झाले की थांबायचे आणि थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे पाण्यात चुन्याचे वीस भाग.

"एकवीस थेंब यायला हवेत," कासवीण म्हणाली. "म्हणजे चारशे वीस. थोडं इकडे तिकडे झालं तर हरकत नाही. पण फार खाली नको आणि झटका तर मुळीच नको. कार्तिकानंतर मी येईन. माझ्या पोवळ्यांना पाहायला येईन. राजाला नव्हे."

कोंडाबाईने शब्द दिला.

चुन्याची तिला काळजी नव्हती. ती पान खायची. कमरेला चंची, चंचीत चुन्याची डबी. ती डबीतला नखभर चुना स्वच्छ पाण्यात कालवी, गाळ खाली बसू देई आणि वरची निवळी थेंब थेंब हौदात सोडी. मग आत उतरून शेपटीने पाणी हलवत राही. पोवळी वाढू लागली. फांद्यांना पांढरी कोवळी टोके फुटली.

"बाई, आज पूर्वेची भिंत झाली," पोवळी सांगायची. ती सगळी एकदम बोलायची, म्हणून आवाज बारीक असला तरी ऐकू यायचा.

"भिंत झाली तर झाली. दार ठेवलंत ना?"

"आमच्या घराला दारच असतं. बाकीचं नंतर."

पण घर वाढले तशी भूक वाढली. आषाढ लागला आणि डबी पुरेना. एकवीस थेंबांचे वीस झाले.

आता राजवाड्यात चुन्याला काय तोटा? महाराज कुठेही जाणार असले की वाटेवरच्या झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू आणि वर चुना फासत. महाराज जाणार नसले तरी फासत, कारण जाणार नाहीत हे शेवटपर्यंत नक्की नसे. कोठारात विरवलेल्या चुन्याचे झाकलेले रांजण होते. चाळीस रांजण. कोंडाबाई वाटी घेऊन गेली.

कोठारावरचा रानडुक्कर म्हणाला, "वाटी राहू दे. अर्ज आण."

कोंडाबाईने जन्मात अर्ज लिहिला नव्हता. तिने झाडाखाली बसून मनापासून लिहिला आणि दप्तरात नेऊन दिला. दप्तराचे प्रमुख अंताजीपंत साळिंदर. अंगभर लेखण्या आणि एकही दुसऱ्याला न देणारे. पंतांनी अर्ज वाचला. परत वाचला. मग उठून खिडकी लावून घेतली.

"बाई, हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो. काही चुकलं का?"

पंतांनी हळू आवाजात वाचून दाखवले : "'महाराजांच्या हौदाला रोज थोडा थोडा चुना लावावा लागतो. तो लावण्याची परवानगी मिळावी, म्हणजे चारशे वीस कायम राखता येईल.'"

"बरोबर आहे की."

"महाराजांना चुना लावायचा. रोज. आणि वर चारशे वीस."

"महाराजांना नाही हो. हौदाला."

"हौद कुणाचा?"

"महाराजांचा."

"मग?" म्हणाले पंत.

कोंडाबाईला खरेच कळेना. तिच्या लेखी चुना लावतात तो पानाला. चारशे विसाचेही तसेच. त्या जंगलाच्या कायद्यात फसवणुकीचे कलम चारशे वीस होते आणि तो आकडा राजवाड्यात कुणी तोंडाने घेत नसे. गुहांना क्रमांक घातले तेव्हासुद्धा चारशे एकोणीसनंतर एकदम चारशे एकवीस आली होती. मधल्या गुहेतले घुबड कागदोपत्री बेघर होते. पण पाणमांजर पाण्यात राहते. तिला गुहेचे क्रमांक काय ठाऊक?

"मग चारशे चाळीस लिहा," ती म्हणाली. "बावीस थेंब. पोवळ्यांना तेही चालतं."

"अर्जात खाडाखोड चालत नाही."

"मी नवा अर्ज देते."

"एका विषयावर दोन अर्ज चालत नाहीत. पहिला निकाली निघाला की दुसरा द्या."

"मग पहिला निकाली काढा."

"असला अर्ज महाराजांपुढे ठेवू? माझं काय होईल?" पंतांनी अर्ज फायलीत घातला, फायलीला दोरी बांधली आणि पान काढले. सुपारी लावली, कात लावला. मग इकडे तिकडे पाहिले.

"चुना आहे का हो, बाई?"

कोंडाबाईने डबी पुढे केली. पंतांनी बोट भरून घेतला.

"या अधूनमधून," ते म्हणाले. "स्मरणपत्र घेऊन या. डबीही आणत चला."

श्रावण गेला. वीस थेंबांचे एकोणीस झाले. भाद्रपदात सतरा. कोंडाबाई दर पंधरवड्याला स्मरणपत्र घेऊन जायची. पंत ते क्रमांक घालून फायलीत लावायचे आणि डबीतून बोट भरून चुना घ्यायचे. फाईल जाड होत गेली, डबी हलकी.

पोवळी आता हळू बोलायची.

"बाई, पश्चिमेची भिंत अर्ध्यात राहिली आहे."

"थांबा जरा. अर्ज केलाय."

"अर्ज म्हणजे काय? खायचा असतो का?"

"नाही. वाट बघायची असते."

"ते आम्हाला येतं," पोवळी म्हणाली. "पण किती दिवस, ते सांगून ठेवा. त्या बेताने भिंत घालतो."

त्या दिवसापासून कोंडाबाईने स्वतःच्या पानाला चुना लावायचे सोडले. पान रंगेना. नुसता पाला चघळल्यासारखे लागायचे. पण पंतांचे बोट अडवायचे धाडस तिला झाले नाही. फाईल त्यांच्या कपाटात होती.

पाचव्या स्मरणपत्रावर पंतांनी शेरा मारला : 'तज्ज्ञांचे मत घ्यावे.' तज्ज्ञ म्हणजे बगळा. तो हौदासमोर एका पायावर दुपारपर्यंत उभा राहिला.

"तक्रार काय आहे?" त्याने विचारले.

"पातळी खाली जाते आहे," कोंडाबाई म्हणाली.

बगळ्याने मान लांब करून हौदाचा काठ पाहिला. "पातळी काठोकाठ आहे."

"पाण्याची नव्हे हो. पाण्यातल्या चुन्याची."

"मला पातळी पाहायला सांगितलं आहे. पाण्यातला चुना माझ्या विषयात नाही. मासे आहेत का? त्यांच्याबद्दल मत देऊ शकेन."

त्याने काचेवर एक तांबडी रेघ ओढून दिली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी गुहेबाहेर पाटी लागली : 'हौदातील पातळी समाधानकारक.'

आश्विनात सोळा थेंब झाले. तेव्हा कोंडाबाईने जन्मात पहिल्यांदा चोरी केली. भर दुपारी, सगळे सुस्तावलेले असताना, ती दरबारासमोरच्या वडाशी गेली आणि बुंध्यावरचा चुना नखांनी खरवडून तिने वाटीत घेतला. तो पाण्यात कालवला. संध्याकाळपर्यंत ढवळला. विरघळेना. हवा खाऊन त्याचा नुसता खडू झाला होता. एकदा राजरस्त्यावर लागलेला चुना पुन्हा कामाचा राहत नाही, हे तिला तेव्हा कळले.

वडाचा टवका मात्र सगळ्यांना दिसला. थेंब सतराचे सोळा झालेले कुणाला दिसले नव्हते. वडाचा चार बोटे बुंधा उघडा पडलेला घुबडालासुद्धा उजेडी दिसला. कोंडाबाईला दरबारात उभे केले.

पंतांचा नाइलाज झाला. चौकशीत अर्ज वाचावा लागला. 'चुना लावावा लागतो' येथे त्यांना खोकला आला. 'चारशे वीस'ला तर ठसकाच लागला. हरणे मागच्या मागे सरकली.

महाराजांनी शेपूट एकदा आपटले. मग म्हणाले, "कोंडाबाई, तू आम्हाला चुना लावतेस?"

"नाही महाराज. लावायला मिळतच नाही. म्हणून तर अर्ज केला."

महाराज तिच्याकडे बघत राहिले. राजे कधी कधी चुकून सरळ प्रश्न विचारतात, तसा त्यांनी विचारला : "नाही लावला तर काय होतं?"

"पोवळी मरतील."

"वाघ कधी येणार आहे हौद पाहायला?"

"कार्तिकी द्वादशीला, महाराज," पंत म्हणाले.

"मग मरून कसं चालेल? द्या तिला चुना. एवढ्याशा गोष्टीला चार महिने?"

कोंडाबाईने हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मुलांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितलीच नसती.

"महाराज," पंत म्हणाले, "आषाढापासूनचा अनुशेष आहे. चार महिन्यांचा."

"अनुशेष?" महाराजांची आयाळ फुलली. हा शब्द त्यांना फार आवडायचा. "आमच्या राज्यात अनुशेष? सगळा एकदम भरून काढा. द्वादशीला समारंभ करा. वाघाच्या देखत. चार पोती."

"महाराज, एकदम नको," कोंडाबाई म्हणाली. "रोज चिमूटभर. नुसती निवळी. एकदम घातला तर पाणी फाटेल."

"चार महिने उपाशी राहिलेल्याला तू चिमूटभर वाढणार? आमच्या दारी तसं होत नाही."

दरबाराने मान डोलावली. महाराजांचे औदार्य सर्वांना भावले. ज्यांना भावले नाही त्यांनीही मान डोलावली.

एकादशीच्या सकाळी कोंडाबाई हौदात उतरली. तिने पोवळ्यांना काय ठरले ते सांगितले.

पोवळी म्हणाली, "म्हणजे अर्ज मंजूर झाला?"

"हो."

"तर मग आमचं एक बोट मोडून घेऊन जा, बाई. पूर्वेचं घ्या. तिथली भिंत पुरी झाली आहे."

"दुखेल ना?"

"दुखलं तर आम्ही जिवंत आहोत, एवढं तरी कळेल."

तिने बोटभर फांदी मोडली आणि लोणच्याच्या काचेच्या बरणीत हौदाच्याच पाण्यात ठेवली. बरणी नदीकाठच्या आपल्या बिळाच्या तोंडाशी, उन्हात ठेवली.

द्वादशीला समारंभ झाला. वाघ आला. चार पोत्यांना फुलांचे हार घातले होते. पहिले पोते महाराजांनी ओतले, दुसरे पाहुण्यांनी, तिसरे बगळ्याने. चौथ्याला पंतांनी नुसता पंजा लावला आणि बाकीचे रानडुकराने उलटे केले. हौद दुधासारखा पांढरा झाला. टाळ्या थांबेनात.

"हा तर क्षीरसागर," महाराज म्हणाले. वाघाच्या घरी नुसते पाणीच पडत होते.

तीन दिवसांनी गाळ खाली बसला. काचेवर पांढरा थर चढला होता. फांद्या पांढऱ्या होत्या. जांभळे नाही, हिरवे नाही. कोंडाबाईने हाक मारली. मग आणखी एकदा मारली. मग कुपी घेतली आणि थेंब मोजले. बारा. म्हणजे दोनशे चाळीस. चार पोती चुना घालून पाण्यातला चुना आधीपेक्षा कमी झाला होता. सगळा तळाशी खडू होऊन बसला होता.

बगळ्याने अहवाल दिला : 'पूर्वीचे डाग गेले असून हौदाचा रंग आता राजरस्त्यावरील झाडांशी मिळताजुळता झाला आहे.' पाटी बदलली. नव्या पाटीवर 'अनुशेष पूर्ण' असे होते. महाराज रोज तिच्याकडे बघतात आणि वाघाची आठवण काढून शिकारीला बसतात. त्यांना शिकार पुन्हा गोड लागते.

मार्गशीर्षात थोरली कासवीण आली. खाडीपासून हौदापर्यंत यायला तिला सहा दिवस लागले आणि हौदातले पाहायला एक क्षण.

"शब्द दिला होतास, पोरी."

"हो, आजी."

कोंडाबाईने तिला बिळाशी नेले. बरणीतली फांदी आता दोन बोटे झाली होती. जांभळी. टोक कोवळे, पांढरे. कासविणीने कुपी मागितली आणि स्वतः थेंब मोजले. एकवीस.

"चुना कुठला?"

"माझ्या डबीतला. एवढ्याला पुरतो. अर्जापायी दप्तरात जायचं सोडलं, त्यामुळे उरतो."

"आणि अर्ज?"

"याच्यासाठी केला नाही."

बरणीतून बारीक आवाज आला. "बाई, पश्चिमेची भिंत घातली तर चालेल का?"

"घाला," कोंडाबाई म्हणाली. "बेताने घाला. बरणी लहान आहे."

कासविणीने बरणी खाडीपर्यंत स्वतःच्या पाठीवरून न्यायची तयारी दाखवली. पोवळ्यांनी विचारले, तिथे बाई असेल का. नसेल म्हटल्यावर पोवळी म्हणाली, मग पुढच्या चैत्रात बघू.

पौषात एका सकाळी अंताजीपंत साळिंदर बिळाशी आले. हातात दोरी बांधलेली फाईल. मागे पाहत पाहत आले होते.

"बाई, जरा अडचण आहे. चुना महाराजांच्या तोंडी हुकमाने मिळाला. तुमच्या अर्जावर मिळाला नाही. त्यामुळे अर्ज तसाच उभा आहे. तुम्ही तो मागे घेतलात तर फाईल बंद होईल."

"मागे घ्यायला काय करावं लागतं?"

"अर्ज."

"त्याच विषयावर?"

पंतांनी सवयीने पान काढले. सुपारी लावली, कात लावला आणि बोट पुढे केले.

"चुना आहे का हो, बाई?"

कोंडाबाईने डबी उचलली आणि झाकण घट्ट लावून बरणीच्या मागे ठेवली.

"आहे," ती म्हणाली. "पण चुन्याबद्दल पहिला अर्ज अजून निकाली निघालेला नाही, पंत. दुसरा घेता येत नाही."

पंतांनी बिनचुन्याचे पान तोंडात टाकले. फाईल काखेत मारली. जाताना उन्हातल्या बरणीकडे त्यांनी नीट पाहिले, आत काहीतरी जांभळे हललेलेही पाहिले. पण त्याबद्दल लेखी कुणी विचारले नव्हते. तेव्हा त्यांनी ते पाहिले नाही.

तात्पर्य : मुलांनो, आपला अर्ज पडून राहिला म्हणून खट्टू होऊ नये. तो पडून आहे तोवर आपण जे जगवायचे ते डबीतल्या चुन्यावर जगवून घ्यावे. मंजूर झाला तर चार पोती येतात.

सद्यःस्थिती : आषाढ शुद्ध पंचमीचा अर्ज प्रलंबित आहे.